आधी कोणता प्रश्न?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला जुने गाव, आणि भोवती वाढत गेलेल्या वसाहती. जिल्हा सामान्य रुग्णालयही इथेच आहे. प्राथमिक आरोग्याचा अभ्यास करायला इथे विषयांची वाण नाही. पैसा आणि माणसे मात्र मोजकीच असतात, म्हणून आधी काय अभ्यासायचे हे ठरवावेच लागते.

ते डॉक्टरांवर सोडावे का? महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाचा पिच्छा पुरवला, आणि पुढे प्राझोसिन या औषधाने रुग्ण वाचू लागले. तो प्रश्न डॉक्टरलाच पडला होता. पण बावसकर रुग्णांच्या गावात राहत होते. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जो खाटेपर्यंत पोचतो, त्याचाच आजार दिसतो. रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच सोडणारा कंत्राटी कामगार तिथे येतो तो लकवा मारल्यावर. गोळ्या का सुटल्या? पहिली पाळी आणि सकाळची ओपीडी एकाच वेळी म्हणून, की रोज बुडतो म्हणून? घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना याचा अंदाज असतो. त्यांना आपण आकडे भरायला बोलावतो, विषय ठरवायला नाही. हे मला फार खटकते.

तरीही लोक बोलतील तेवढेच धरून चालणार नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. गावाची सभा भरवून हाच प्रश्न पुढे आला असता? मला नाही वाटत. लोक पाणी, औषधे, डॉक्टरची गैरहजेरी सांगतात, आणि ते रास्तच आहे. अंगावर काढलेले दुखणे सभेत कुणी मांडत नाही.

एकट्या डॉक्टरला किंवा एकट्या सभेला सगळे दिसत नाही. म्हणून निधीचा मोठा वाटा, आशाताईंना ज्याचा अंदाज असतो त्या, उपचार मध्येच का तुटतात या प्रश्नाला द्यावा, असे माझे मत आहे. दवाखान्यांच्या नोंदवह्या आहेतच, त्यामुळे खर्चही कमी. याने दुर्मीळ आजारांच्या अभ्यासाला कात्री लागेल, आणि ते नुकसान खरे आहे. एक वाटा मात्र कुणीही मागितला नाही तरी राखून ठेवावा: जिथून कधीच कुणी दवाखान्यात येत नाही, त्या घरांच्या पाहणीसाठी.