टर्बोचे ऑइल : घट्ट की पातळ एवढाच प्रश्न नाही

दिल्ली आणि आसपासच्या शहरांत टर्बो ही आता महागड्या गाडीची खूण राहिलेली नाही. चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० सीसीच्या आतले पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, म्हणून कंपन्यांनी लहान इंजिनाला टर्बो जोडून मोठ्या इंजिनाची ताकद काढली. नेक्सॉन २०१७ मध्ये आली, व्हेन्यू २०१९ मध्ये. पुढे मॅग्नाइट, कायगर, फ्राँक्स, कायलॅक अशी रांगच लागली. त्यातच राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राजधानी क्षेत्रात मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. डिझेलची ओढ जपणाऱ्या ग्राहकालाही मग टर्बो पेट्रोल जवळचे वाटू लागले. या गाड्यांच्या मालकांपुढे सर्व्हिसच्या वेळी एक वाद हमखास उभा राहतो : ऑइल कोणते टाकायचे?

गॅरेजमधला मेकॅनिक सांगतो, दिल्लीच्या गरमीत पातळ ऑइल टिकणार नाही, चाळीसची घट्ट ग्रेड टाका. कंपनीचे पुस्तक सांगते, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०, त्याच्या बाहेर जाऊ नका. पहिल्याला अडाणी आणि दुसऱ्याला स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघांकडूनही काही सांगायचे राहून जाते.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेऊ शकतो, आणि बहुतेक गाड्यांत तो केवळ ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. त्याच्या एका टोकाला पेट्रोल इंजिनाचा ९०० अंशांच्या वर जाऊ शकणारा धूर आदळत असतो. इथे ऑइलला दोन कामे करावी लागतात : धातू धातूला लागू द्यायचा नाही आणि उष्णता वाहून न्यायची. पहिल्या कामाला थर जाड हवा, दुसऱ्याला प्रवाह जलद हवा. घट्ट-पातळच्या वादाचे मूळ या ओढाताणीत आहे.

मेकॅनिकचा मुख्य आधार दिल्लीचा उन्हाळा. २९ मे २०२४ रोजी सफदरजंगला ४६.८ अंश नोंदले गेले, तेव्हा ही काळजी पोकळ नाही. पण इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. बाहेर दहा अंश वाढले म्हणून आतले ऑइल तेवढ्याच प्रमाणात तापते असे नाही. खरा ताण येतो तो एसी लावून तासभर जाममध्ये अडकल्यावर, रेडिएटरला वारा लागत नाही तेव्हा. ग्रेडमधल्या ‘डब्ल्यू’च्या आधीच्या आकड्यावर तर इथे वेळ घालवूच नये. तो शून्याखालच्या थंडीतल्या चाचणीचा आकडा आहे. दिल्लीच्या जानेवारीत शून्य काय, पाच काय, दोन्ही चालतात.

कंपनीवर घेतला जाणारा आक्षेप अधिक गंभीर आहे. पातळ ऑइलने इंधन वाचते, आणि २०२२-२३ पासून गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाची मर्यादा किलोमीटरला १३० ग्रॅमवरून ११३ ग्रॅमवर आली. म्हणजे पुस्तकातली ग्रेड लिहिताना कंपनीच्या मनात तुमच्या टर्बोइतकाच सरकारी नियमही असतो. हे खरे आहे. पण त्याच कंपनीने ऑइल पंप, बेअरिंगमधली फट आणि व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा त्या ऑइलला धरूनच आखलेली असते. मनाने घट्ट ऑइल टाकले तर थंड सुरुवातीला ते टर्बोपर्यंत उशिरा पोहोचते, आणि वॉरंटीचा दावा करताना आपलीच बाजू लंगडी पडते.

मला या वादात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट डब्यावर बारीक अक्षरात असते. १५० अंशांवर, जोराने घासले जात असताना ऑइल किती दाटपणा राखते याचे वेगळे मोजमाप आहे. ३० ग्रेडच्या ऑइलला तिथे २.९ हा आकडा गाठला तरी पुरते. युरोपातल्या एसीईए संस्थेची ‘सी३’ पात्रता हवी असेल तर मात्र किमान ३.५ लागतात, म्हणजे ५डब्ल्यू-४० इतकेच. तरी दोन्ही प्रकारांच्या डब्यांवर ५डब्ल्यू-३० असेच छापलेले असू शकते. दुकानात ‘५डब्ल्यू-३० द्या’ एवढेच म्हणणारा ग्राहक यातले काहीही घरी नेऊ शकतो. म्हणून ग्रेडपेक्षा पुस्तकातली मंजुरी बघावी : एपीआय, एसीईए किंवा कंपनीचा स्वतःचा क्रमांक. थेट इंधन फवारणीच्या लहान टर्बो इंजिनांत कमी वेगावर इंधन अवेळी पेटून पिस्टन फुटण्याचा धोका असतो. तो आवरण्यासाठी २०२० मध्ये आलेल्या एपीआय ‘एसपी’ दर्जात वेगळी चाचणी आहे. बीएस-६ डिझेलला तर कमी राखेचेच ऑइल लागते, नाहीतर धूर गाळणारा फिल्टर तुंबतो. तिथे तडजोडीला जागा नाही.

हे सगळे सांभाळूनही टर्बो जातो, आणि त्यामागे बऱ्याचदा ग्रेड नसते, उशिरा बदललेले ऑइल असते. पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेले असते, काही कंपन्यांत १५,०००. पण ऑइल शिळे होते ते मुख्यतः तासांनी. ताशी सरासरी २० किलोमीटरने चालणारी गाडी १०,००० किलोमीटरला ५०० तास घेते. ८० ने धावणारी १२५. द्वारका ते कॅनॉट प्लेस रोज कुंथत जाणारी गाडी आणि यमुना एक्स्प्रेसवेने आठवड्याला आग्र्याला जाऊन येणारी गाडी यांचे मीटर सारखे दिसले तरी ऑइल सारखे नसते. हिवाळ्यात शाळेपर्यंतच्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतही नाही. न जळलेले पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये उतरून ते पातळ होते. मे-जूनच्या आंधीतली धूळ वेगळीच. बहुतेक पुस्तकांत अशा खडतर वापरासाठी ऑइल लवकर बदलण्याची सूचना असतेच, फक्त ती वाचली जात नाही.

लवकर बदलण्याच्या विरोधातही बोलायला हवे. प्रत्येक जादा सर्व्हिसला तीन-चार लिटर काळे ऑइल निघते आणि ते घातक कचऱ्यात मोडते. उत्पादकांवर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी एप्रिल २०२४ पासून आली, पण कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले ऑइल कुठे जाते हे गाडीमालक विचारत नाही. म्हणून ‘सगळ्यांनी पाच हजारांवर बदला’ हा सल्ला मला पटत नाही. हायवेवर चालणाऱ्याने पुस्तक पाळावे. गर्दीत आणि लहान फेऱ्यांत चालणाऱ्याने मात्र अंतर निम्मे करावे. टर्बोचे सील गेले की ऑइल सायलेन्सरमधून निळा धूर होऊन बाहेर पडते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते आणि या शहराच्या आधीच जड झालेल्या हवेत मिसळते. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत धुरातले कण मोजलेच जात नाहीत. त्यामुळे हा प्रश्न मालकाच्या खिशापुरता राहत नाही.

दहा वर्षांनी डिझेल गाडी दिल्लीबाहेर काढावी लागू शकते, मग चांगल्या ऑइलवर पैसे कशाला, असेही विचारले जाते. टर्बो दहा वर्षे थांबून मगच जाईल याची हमी कोणी दिलेली नाही. शिवाय त्या गाड्या पुष्कळदा ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यात जातात आणि तिथे कोणाच्या तरी घरची गाडी होतात. पूर्ण सिंथेटिक ऑइलचा खर्च काही हजारांत भागतो; नवा टर्बो त्याच्या कितीतरी पट महाग पडतो.

एक सवय मात्र फुकटची आहे. सोहना ते दौसा हा दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवेचा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाल्यापासून सुट्टीत गाडीनेच महाराष्ट्राकडे निघणे सोपे झाले आहे. ताशी १२० ने तासभर धावून खाण्यासाठी थांबलात आणि लगेच इंजिन बंद केले, तर पंप थांबतो, तापलेल्या टर्बोची उष्णता आत झिरपते आणि बेअरिंगमधले ऑइल कढईच्या बुडाला करपावे तसे करपून काजळी धरते. आजच्या बहुतेक टर्बोंना पाण्याने थंड करण्याची सोय असल्याने पूर्वीइतके भय नाही. तरी अशा वेळी मिनिटभर इंजिन चालू ठेवावे. शहरात शेवटचे दोन किलोमीटर सावकाशच जातात, तिथे याची गरज नाही.

माझा कौल असा : पुस्तकात एकच ग्रेड असेल तर तीच घ्यावी, मंजुरी जुळवून, शक्यतो पूर्ण सिंथेटिक. एकाहून अधिक ग्रेड दिल्या असतील तर दिल्लीच्या वापराला त्यातली घट्ट घ्यावी. मेकॅनिकचे म्हणणे तिथवर बरोबर आहे, त्यापुढे नाही. दर पंधरवड्याला डिपस्टिक बघावी. ऑइल पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावे, डबा आपल्यासमोर उघडायला सांगावा, आणि रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्यावा, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरले जाणार नाही. पुढच्या सर्व्हिसला जाण्याआधी पुस्तकातले ऑइलचे पान एकदा स्वतः वाचा, आणि निघालेले काळे ऑइल कोणाकडे जाते हेही गॅरेजवाल्याला विचारा.