उपयोग काय?

धर्मग्रामातील घरांना भेटी देताना अलीकडे एक शब्द आमच्या कानी वारंवार पडतो व दर वेळी तो आम्हांला टोचतो. तो शब्द म्हणजे ‘उपयोग’. कला शाखेला जाऊन उपयोग काय? वाडी राखून उपयोग काय? आणि ओटीवर अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाकडे पाहून, आवाज जरा खाली आणून, आता त्यांच्या जगण्याचा तरी काय उपयोग? असे विचारणारे लोक निष्ठुर नव्हेत. रविवारी मिस्सेला पुढच्या बाकांवर तेच असतात. म्हणूनच या शब्दाशी आमचे भांडण आहे.

माणसाच्या जीवनाचा अर्थ त्याच्या फलितावरून ठरतो, हे मत आज इतके रूढ झाले आहे, की ते केवळ एक मत आहे याचाच आपल्याला विसर पडला आहे. ते एकदा कसोटीला लावून पाहू.

जुलै १९४१ च्या अखेरीस आउशवित्झच्या छळछावणीतून एक कैदी निसटला. शिक्षा म्हणून दहा जणांना उपासमारीने मारण्याचे ठरले. निवडलेल्यांपैकी फ्रान्सिशेक गायोवनिचेक हा पोलिश सार्जंट बायकोमुलांसाठी आक्रोश करू लागला, तेव्हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू मॅक्सिमिलियन कोल्बे रांगेतून पुढे आले व त्याची जागा त्यांनी मागून घेतली. दोन आठवड्यांनंतरही ते जिवंत होते. १४ ऑगस्ट रोजी कार्बॉलिक आम्लाचे इंजेक्शन देऊन त्यांना ठार करण्यात आले. प्रवचनात आम्ही ही कथा येथेच थांबवतो. कारण पुढचा भाग अडचणीचा आहे. गायोवनिचेक वाचला, पत्नीला पुन्हा भेटला; पण ज्या दोन मुलांसाठी त्याने टाहो फोडला होता, ते दोघेही १९४५ मध्ये बॉम्बवर्षावात मारले गेले होते.

आता मांडा हिशेब. नियतकालिके चालवणारा, नागासाकीत मठ उभारणारा ४७ वर्षांचा विद्वान गेला. (१९३२ साली मलबारातही त्यांनी मठाचा घाट घातला होता, तो टिकला नाही.) मागे राहिला एक सामान्य सैनिक, तोही मुलांना मुकलेला. उपयोगाची भाषा बोलणाऱ्यांनी उघडपणे म्हणावे, की हा व्यवहार तोट्याचा झाला. म्हणवत नसेल, तर ती फूटपट्टी त्यांनी आपल्या आईवडिलांनाही लावू नये.

संतांचे उदाहरण संसारी माणसाला का देता, असे कोणी म्हणेल. पीक पाहू नका, मुलांची फी भरू नका, असे आम्ही कोठे म्हणतो? आंबा धरला नाही म्हणून शेतकरी चिंता करतो, ते योग्यच. माणसालाही त्याच नजरेने पाहावे काय, एवढाच प्रश्न आहे. आणि दोष आमच्याही पदरी आहे. ‘ध्येय ठरवा, यश मिळवा’ अशी शिबिरे आम्हीच भरवतो. निकालानंतरच्या रविवारी गुणवंतांना वेदीजवळ बोलावून पुष्पगुच्छ आम्हीच देतो. नापास झालेला मुलगा त्या दिवशी मिस्सेला येत नाही, हे आमच्या फार उशिरा ध्यानी आले. कोल्बे काही ध्येय ठरवून त्या रांगेत उभे नव्हते. शेजारचा माणूस रडला. ते त्यांना ऐकू आले.

पहिल्या शुक्रवारी आम्ही एका आजोबांना घरी ख्रिस्तप्रसाद नेतो. गेल्या खेपेस त्यांनी विचारले, “फादर, देवाने मला अजून कशाला ठेवलंय?” सेमिनरीत शिकलेले उत्तर आमच्या ओठांवर आले व तेथेच राहिले. तेवढ्यात त्यांनी सुनेला हाक मारली, “अगं, फादर उन्हातून आलेत, आधी पाणी दे त्यांना.”