अपराधाचा ताळेबंद

रविवारी उपासनेनंतर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की नांदे येथील आमच्या घरी लेकीचा चेहरा उतरतो आणि माझे मन मलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या विधवा मातेने पुढे अमेरिकेतील कार्यासाठी चिमुकल्या मनोरमेस इंग्लंडमधील धर्मभगिनींकडे ठेवले. १८८९ मध्ये शारदा सदन उभे राहिले ते त्या ताटातुटीनंतर.

२०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रीची त्यात दररोज सरासरी २९९ मिनिटे जात, पुरुषाची ९७. वाटणीतील ही विषमता आम्ही पाप समजतो आणि प्रार्थनेत क्षमाही आम्हीच मागतो! (वडिलांनी ती मागितल्याचे ऐकिवात नाही.) हल्ली रविवारचा स्वयंपाक यजमानांकडे सोपविला आहे. वरण करपते, लेक हसते.