गाडी टर्बो, पण पारा किती?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये सध्या एका शब्दाला भलताच भाव आहे. टर्बो! कुणाच्या घरी नवी गाडी आली की पहिला प्रश्न हाच, ‘टर्बो आहे ना?’ लगेच दुसरा, ‘मग रीमॅप कधी करतोयस?’ तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, ‘इंजिन तापतं किती?’ माझं म्हणणं साधं आहे. हा तिसरा प्रश्न आधी विचारा, पॉवरचं नंतर बघू.

मुळात तापतं काय आणि कशामुळे? इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू टर्बोचं एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्येच घेतलं होतं. वाया जाणाऱ्या धुरावर ताकद कमवायची, आयडिया भारीच आहे. पण पूर्ण जोर लावलेल्या पेट्रोल इंजिनात हा धूर ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. डिझेलमध्ये ७०० ते ८०० च्या आसपास. आणि त्या झळीत तो दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तेही इंजिन ऑइलच्या एका पातळ थरावर तरंगत.

आता दुसरी बाजू. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना? तसंच टर्बोनं दाबलेली हवाही तापते. म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून आत सोडतात. म्हणजे टर्बो गाडीत कूलंट, ऑइल, आत जाणारी हवा आणि बाहेर पडणारा धूर अशा चार ठिकाणी पाऱ्याकडे लक्ष हवं.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोचतो, कारण आपल्या गाड्या छोट्या. पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत असेल तर कर कमी लागतो. त्यामुळे कंपन्या इंजिन छोटं ठेवतात आणि ताकदीची कसर टर्बोनं भरून काढतात. शहरात काही वाटत नाही. पण मे महिन्यात पाच जण, डिकीत बॅगा, एसी फुल आणि समोर आंबा घाट. पुढे ट्रक, वेग पंचवीस-तीस. इंजिनावर भार मोठा आणि समोरून येणारा वारा नावाला. तेव्हा त्या छोट्या इंजिनाचं काय होत असेल, हे आत बसलेल्यांना कसं कळणार?

कळतच नाही, हीच माझी तक्रार. पूर्वी डॅशबोर्डवर तापमानाचा काटा असायचा. आता कित्येक गाड्यांत तो गेला आणि एक दिवा आला. थंड असेल तर निळा, उकळायला आलं की लाल. मधलं सगळं गुपित. जिथे काटा उरलाय तिथेही तो बऱ्याचदा मधोमध चिकटून बसतो, कारण आतला आकडा थोडाफार वर-खाली झाला तरी काटा हलू नये अशीच सोय केलेली असते. का, तर ग्राहक घाबरतो! गंमत म्हणजे खरा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला सतत माहीत असतो. दहा इंची स्क्रीनवर गाण्याचं पोस्टर दिसतं, कूलंट किती अंशावर आहे ते दिसत नाही.

यावर काही जण म्हणतील, ‘अरे, कॉम्प्युटर सगळं सांभाळतो, तुला कशाला टेन्शन?’ बरोबर आहे, सांभाळतो. पण कसं ते बघा. पेट्रोल इंजिनात धूर फार तापला की तो जास्तीचं इंधन सोडून पारा खाली आणतो. मायलेज तुमचं जातं. अगदीच हाताबाहेर गेलं तर पॉवर कापतो. मग ओव्हरटेक करताना गाडीत अचानक दम उरत नाही. आणि रीमॅप करताना नेमक्या याच मर्यादांना हात घातला जातो. डिझेलमध्ये तर गणित उलटं. तिथे हवा न वाढवता इंधन वाढवलं की धूर आणखी तापतो. मागून काळा धूर सोडत जाणारी ‘ट्यून’ केलेली गाडी बघून आपण शिट्ट्या मारतो, पण तिचा टर्बो तेव्हा भाजून निघत असतो.

न बघितलेल्या गोष्टीची काळजी घेतली जात नाही, हे जुनंच आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो गाडी आली. तिची हवा थंड ठेवायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं. ते संपलं की गाडी स्वतःच टर्बोचा जोर कमी करायची. अनेक मालक टाकी भरायलाच विसरायचे आणि वर गाडी ओढत नाही म्हणून कुरकुर करायचे. दोन वर्षांत मॉडेलच बंद झालं.

मग आपण काय करायचं? स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात बसणारं छोटं ब्लूटूथ यंत्र एका पिझ्झा पार्टीच्या पैशात येतं आणि कूलंटचा, आत येणाऱ्या हवेचा आकडा मोबाइलवर दाखवतं. मोबाइल स्टँडवर लावा आणि आकडे शेजारच्याला वाचू द्या. कूलंट साधारण नव्वदीत असतो. आपल्या गाडीचा रोजचा आकडा एकदा कळला की वाढ लगेच लक्षात येते. धुराचं तापमान मात्र बऱ्याच गाड्यांत असं मिळत नाही. त्यासाठी एक्झॉस्टमध्ये टर्बोच्या आधी थर्मोकपल बसवावं लागतं, कारण टर्बो ओलांडल्यावर धूर बराच निवलेला असतो. रीमॅपवाल्याला एवढंच विचारा, ‘तू धुराचं तापमान कुठे मोजलंस आणि किती आलं?’ तो हसला, तर पैसे खिशातच ठेवा.

बाकी सवयी फुकटच्या आहेत. घाट चढून आल्याआल्या चावी फिरवू नका. शेवटचा किलोमीटर सावकाश चालवा किंवा मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. नाहीतर टर्बोतलं ऑइल जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा पंप असतो, पण आपल्या गाडीत तो आहे का, हे मॅन्युअल उघडून बघा. पारा चढायला लागला तर एसी बंद, हीटर चालू आणि गाडी बाजूला. वाफ दिसली तर इंजिन बंद. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही.

घरची गाडी बहुतेक कर्जावर असते आणि हप्ता आई-बाबा भरतात. टर्बो गेला तर ते बिलही त्यांच्याकडेच जाणार. म्हणून पुढच्या वेळी शोरूममध्ये सनरूफची चौकशी झाली की सेल्समनला शांतपणे विचारा, ‘तापमानाचा आकडा कुठे दिसतो?’ दहा जणांनी विचारलं तर तो वरच्यांना सांगेल. शंभर जणांनी विचारलं तर कदाचित स्क्रीनवर जागाही होईल.