हक्काची मुदत संपली, माणुसकीची नाही

१/ भयप्रधान भूमिका-खेळात प्रत्येक पात्राला आणि पिशाच्चाला टोकन लागते: पटावर सरकवायची, चेहरा असलेली सोंगटी. हा चेहरा आणायचा कुठून, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

२/ या प्रकारातला विख्यात खेळ म्हणजे १९८१ चा ‘कॉल ऑफ कथुल्हू’. त्यातील बहुतेक कथानके १९२० च्या दशकातली. साहजिकच खेळवणारे जुन्या छायाचित्रांकडे वळतात. मनोरुग्णालये, पोलिसांची दफ्तरे, दुष्काळ... सारे फुकट आणि अस्सल. ‘झपाटलेली मुलगी’ क्षणात तयार.

३/ पण ती मुलगी कोण? पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात १८७५ मध्ये ऑगस्तीन नावाची १४ वर्षांची मुलगी दाखल झाली. डॉ. शार्को यांच्या विभागाने तिच्या झटक्यांची छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १८८० मध्ये पुरुषी वेश करून ती तिथून निसटली. त्या जागेपासून पळालेल्या मुलीला पुन्हा तिथेच डांबणे, याला कल्पकता म्हणत नाहीत.

४/ दुसरे उदाहरण घरचे. १८७६–७८ च्या दुष्काळात डब्ल्यू. डब्ल्यू. हूपर या लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यातील अस्थिपंजर माणसे ओळीने बसवून टिपली. त्याच दुष्काळात सोलापूर-अहमदनगरही होरपळले होते. त्या देहांचे ‘प्रेत’ म्हणून टोकन करणारा भय निर्माण करीत नाही. तो भूक विसरतो.

५/ यावर ठरावीक उत्तर येते: ‘स्वामित्वहक्क संपला आहे.’ कोणाचा? भारतीय कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पण हा हक्क छायाचित्रात दिसणाऱ्याला केवळ दिसण्यामुळे मिळत नाही. ऑगस्तीनला तो कधी नव्हताच. जे तिला मिळालेच नाही, ते संपल्याचा दाखला तिच्याविरुद्ध कसा देता येईल?

६/ ‘मग खेळच बंद करावा काय?’ मुळीच नाही. तोरियामा सेकिएनची १७७६ ची भुते आहेत, गोयाची १७९९ ची ८० ‘काप्रिचोस’ आहेत, दोरेने १८६१ मध्ये चितारलेला दान्तेचा नरक आहे. ही चित्रे कल्पनेतून उतरली आहेत आणि मुक्तही आहेत. माणसांचे चेहरे हवे असतील, तर जुन्या नट-नट्यांची प्रसिद्धीची छायाचित्रे आहेत.

७/ कसोटी एकच: हा माणूस कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या मर्जीने बसला होता काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते छायाचित्र पुरावा आहे, सजावट नव्हे. पुरावा अभ्यासावा, त्याच्या सोंगट्या पाडू नयेत.

८/ आणि साल्पेत्रिएरच खेळात आणायचे असेल, तर खुशाल आणावे. फक्त भीती कुठे होती हे नीट ओळखावे. ती त्या मुलीच्या चेहऱ्यात नव्हती; तिला न्याहाळत बसलेल्या सभागृहात होती. टोकन करायचेच, तर डॉक्टरचे करावे.