कौल आणि कायदा

आज २५ डिसेंबर. तैवानात आज कचेऱ्या, शाळा, बँका बंद आहेत आणि सुट्टीचे कारण नाताळ नव्हे. १९४६ साली याच तारखेला नानजिंग शहरात चीनच्या प्रजासत्ताकाचे, म्हणजे आज तैवानात लागू असलेले, संविधान मंजूर झाले, बरोबर वर्षाने ते अमलात आले, म्हणून हा संविधान दिन. २००१ पासून ही सुट्टी बंद होती. २०२५ मध्ये कायदा करून ती परत आणली. पोरासोरांना आणि दुकानदारांना मात्र हा नाताळच. ख्रिस्ती तिथे थोडे, पण झाड सजवायला कुणाची हरकत नाही, आणि सजवले म्हणून कुणाचा धर्म बुडत नाही.

त्या संविधानाचे तेरावे कलम चिनी लिपीत अवघ्या दहा अक्षरांचे आहे. लोकांना धर्म मानण्याचे स्वातंत्र्य आहे, एवढेच ते सांगते. आपल्या पंचविसाव्या कलमाची सुरुवातच सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य या अटींनी होते. तिथे अटी दहा कलमे पुढे, तेविसाव्यात, सगळ्या हक्कांसाठी मिळून लिहिल्या आहेत. इतकी सुटसुटीत हमी कागदावर असताना त्या बेटावर पुढची चाळीस वर्षे माणसे श्रद्धेपायी तुरुंगात जात राहिली. आजच्या तैवानचे कौतुक जरूर करावे, पण ही चाळीस वर्षे वगळून केलेले कौतुक फुकाचे ठरेल.

तैपेईच्या जुन्या वस्तीतले लोंगशान मंदिर १७३८ सालचे, समुद्रापलीकडच्या फूचिएनहून आलेल्या लोकांनी बांधलेले. मधल्या गाभाऱ्यात ग्वान्यिन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. तिथे तो बाईच्या रूपात. मागच्या बाजूला दर्यावर्दींना सांभाळणारी माजू, लढवय्या ग्वान गोंग, परीक्षांचा देव वेनचांग. वेनचांगपुढे हॉलतिकिटांच्या झेरॉक्स प्रती आणि त्यांच्या शेजारी सेलरीच्या आणि कांदापातीच्या जुड्या. चिनीत सेलरीचा उच्चार ‘कष्टाळू’शी जुळतो आणि पातीचा ‘हुशार’शी, म्हणून. जवळच लग्न जुळवणारा म्हातारा देव युए लाओ. त्याच्याकडून लाल दोरा घेऊन पोरी पर्समध्ये ठेवतात. यांतला कोणता देव बौद्ध आणि कोणता ताओवादी, हे पंडितांनी ठरवावे. नवस करणाऱ्याला त्याची फिकीर नसते.

देवाला काही विचारायचे तर चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन लाल लाकडी तुकड्यांची जोडी फरशीवर टाकायची. एकाची सपाट बाजू वर आली आणि दुसऱ्याची फुगीर, की होकार. दोन्ही फुगीर बाजू वर, तर नकार. दोन्ही सपाट वर आल्या तर देव नुसता हसला. प्रश्न नीट घोळवून पुन्हा विचारा. महत्त्वाच्या कामाला होकार लागोपाठ तीनदा यावा लागतो. कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेच्या अंगावर पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवून जो कौल लावतात, तो पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

इतके देव एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदताना पाहून पाहुणा सहिष्णुतेवर निबंध लिहून मोकळा होतो. (आम्हालाही ही खोड आहे. दर्ग्यात हिंदूही चादर चढवतात, या एका वाक्याने आजवर किती अग्रलेख तारून नेले असतील!) पण श्रद्धांची विविधता आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विविधता लोकांच्या सवयीत असते, ती राजाने दिलेली नसते. स्वातंत्र्याचा कस लागतो तो सत्तेला न रुचणारा देव कुणी मांडला की.

तैवानात तो कस लागला २० मे १९४९ ला लागू झालेल्या लष्करी कायद्याखाली. जुलै १९८७ मध्ये तो उठेपर्यंत अडतीस वर्षे गेली. या काळात लोंगशानची गर्दी आटली नाही, माजूच्या पालख्या थांबल्या नाहीत. सर्वोच्च नेता च्यांग काय-शेक स्वतः मेथडिस्ट ख्रिस्ती होता. धर्माला त्या राजवटीचा विरोध नव्हता. तिला नको होते ते तिच्या परवानगीशिवाय माणसांनी एकत्र जमणे.

यात सर्वांत जास्त भरडला गेला तो यीग्वानदाओ. कन्फ्यूशियस, लाओत्से, बुद्ध, येशू आणि महंमद पैगंबर या पाचांनाही एका सूत्रात ओवणारा हा पंथ चीनमधून आलेला. दीक्षा गुप्त, पूजा घराच्या माडीवर. सरकारने त्याला ‘दुष्ट पंथ’ ठरवून बंदी घातली. हे लोक अंगावर कपडा न ठेवता पूजा करतात, अशा वावड्या उठवल्या गेल्या आणि लोकांनी चवीने पुढे नेल्या. हे लोक शाकाहारी; त्यांना ‘बदकाच्या अंड्यांचा धर्म’ असे हिणवले जाई. छापा पडे, मूर्ती जप्त होत, घरमालकाला चौकीवर नेत. तरी माणसे वाढतच गेली. पोटासाठी अनेकांनी शाकाहारी खानावळी काढल्या. आज तैवानच्या गल्लीबोळांत दिसणाऱ्या अशा खानावळींत या पंथीयांचा वाटा मोठा आहे. सहलीला गेलेला शाकाहारी पुणेकर तिथे भात-टोफू पाहून सुखावतो तेव्हा आपण एकेकाळी बंदी असलेल्या धर्माच्या पंगतीला बसलो आहोत, हे त्याच्या गावीही नसते.

शेवटी ज्या पक्षाच्या सरकारने बंदी घातली, त्याच पक्षाच्या उमेदवारांना या लोकांची मते हवीशी झाली. १९८७ च्या जानेवारीत बंदी उठली. न्हावाशेव्याच्या बंदरात, उरणच्या रस्त्यावर ‘एव्हरग्रीन’ लिहिलेले हिरवे कंटेनर आपण येता-जाता पाहतो. ती कंपनी उभी करणारे चांग युंग-फा याच पंथाचे अनुयायी. दुष्ट पंथ!

दुसरी गोष्ट प्रेस्बिटेरियन चर्चची. १८६५ मध्ये दक्षिणेत ब्रिटिश आणि १८७२ मध्ये उत्तरेत कॅनडाचा जॉर्ज मॅके असे हे मिशनरी आले. मॅके दात काढून देई. त्याने काढलेल्या दातांचा हिशेब एकवीस हजारांवर गेला होता. वैदूसारखा गावोगाव फिरणारा हा दाढीवाला आजही तिथल्या शाळेच्या पुस्तकांतून भेटतो. पण या चर्चने केलेले टिकाऊ काम भाषेचे. तैवानच्या साध्या माणसाची बोली रोमन लिपीत लिहायला त्यांनी शिकवले आणि १८८५ मध्ये त्याच लिपीत एक वार्तापत्र सुरू केले. बेटावरचे ते पहिले छापील वृत्तपत्र.

राष्ट्रभाषा म्हणून मँडरिन लादू पाहणाऱ्या सरकारला हीच बाब खुपली. १९७५ मध्ये तैवानी बोलीतली आणि अतयाल आदिवासींच्या भाषेतली बायबले पोलिसांनी जप्त केली. चिनी बायबलला हात लावला नाही. येशूशी भांडण नव्हतेच. तो कोणत्या भाषेत बोलतो याच्याशी होते. गोव्याच्या वाचकाला यात नवल वाटू नये. तिथे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेवरच बंदीचा हुकूम काढला होता, आणि तो ख्रिस्ती सत्तेने ख्रिस्ती रयतेवर काढला होता.

या चर्चने १९७७ च्या ऑगस्टमध्ये जाहीरनामा काढून तैवान नवा, स्वतंत्र देश व्हावा असे म्हटले. चर्चचे सरचिटणीस काओ चुन-मिंग. डिसेंबर १९७९ मध्ये मानवी हक्क दिनाच्या मोर्चावर काओश्युंग शहरात दडपशाही झाली. फरारी झालेला विरोधी नेता शिह मिंग-तेह याला लपायला जागा हवी होती. ती काओंनी मिळवून दिली. सात वर्षांची शिक्षा झाली, १९८४ मध्ये सुटले. आरोपपत्रात धर्माचा शब्द नव्हता. गुन्हा फरारी इसमाला आसरा दिल्याचा. दाराशी आलेल्याला आत घ्यायचे, हे त्यांना ज्या पुस्तकाने शिकवले ते पुस्तक आरोपी नव्हते, इतकेच.

लष्करी कायदा उठला तरी सगळे मोकळे झाले असे नाही. यहोवाचे साक्षीदार हातात बंदूक घेत नाहीत, आणि तैवानात तरुणांना सक्तीची सैनिकी सेवा. नकार दिला की तुरुंग, सुटका झाली की पुन्हा बोलावणे, पुन्हा नकार, पुन्हा तुरुंग. १९९९ मध्ये तिथल्या घटनापीठाने निकाल दिला तोही त्यांच्या विरुद्ध: सैन्याची सक्ती म्हणजे धर्मावर घाला नव्हे. पुढच्याच वर्षी संसदेने पर्यायी नागरी सेवेची सोय केली आणि त्या वर्षीच्या मानवी हक्क दिनी आत असलेल्यांना राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. न्यायालय जिथे अडले तिथून कायदेमंडळ पुढे गेले. आपल्याकडे सहसा उलटे घडते, म्हणून नोंदवून ठेवले.

२००४ चा निकाल मात्र न्यायालयाचाच आणि अधिक लक्ष देण्याजोगा. १९२९ च्या एका कायद्यानुसार बौद्ध आणि ताओवादी मंदिरांना आपली मालमत्ता विकायला सरकारी परवानगी लागे. चर्चला किंवा मशिदीला लागत नसे. बहुसंख्यांच्या देवळांवर नियंत्रण आणि बाकीच्यांना मोकळीक, हे समानतेत बसत नाही, असे सांगून ते कलम घटनाबाह्य ठरवले गेले. देवस्थानांच्या सरकारी समित्यांवरून आपल्याकडे जो वाद अधूनमधून पेटतो, त्यातल्या दोन्ही बाजूंनी हा निकाल वाचावा. एका बाजूला तो आवडेल. पण समानतेचा तोच नियम उद्या आपल्या सोयीविरुद्ध लागला तर काय, हेही त्या बाजूने स्वतःला विचारावे.

२३ जुलै २०१७ चे दृश्य तर पाहण्यासारखे होते. सरकार उदबत्त्या आणि फटाक्यांवर बंदी आणणार, अशी आवई उठली. शंभराहून अधिक देवळांनी आपापले देव पालख्यांत बसवले आणि राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या केतागालान हमरस्त्यावर आणले. नगारे, झेंडे, नाचणारे भगत, आणि मोर्चात साक्षात देव! सरकार घाईघाईने सांगत होते, बंदी नाही, फक्त धूर थोडा कमी करा. पुढे लोंगशान मंदिराने २०२० मध्ये उदबत्ती आपणहून बंद केली. तैपेईच्याच शिंगत्यान मंदिराने तर २०१४ मध्येच केली होती. भाविक हात जोडून नमस्कार करतात आणि निघतात. सरकारने सांगितले असते तर रस्त्यावर आले असते, देवळाने सांगितले तर ऐकले.

हे सगळे वाचून तैवान आता पोहोचले, असे वाटेल. तसे वाटले तर रमजान ईदच्या दिवशी तैपेईच्या मुख्य स्थानकात जावे. त्या उंच छताच्या दालनात काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशीवर इंडोनेशियाचे हजारो बायका-पुरुष डबे उघडून बसलेले असतात. यांतल्या पुष्कळ जणी कुणाच्या तरी अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांचे सगळे करणाऱ्या. घरात राहून काम करणाऱ्यांना मुख्य कामगार कायदा लागू नाही, त्यामुळे आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. संविधान धर्माचे स्वातंत्र्य देते, पण शुक्रवारी दुपारी किंवा रविवारी सकाळी घराबाहेर पडायला मालकिणीची परवानगी लागते. २०१० मध्ये तर आपल्या मुस्लिम कामगार बायकांना डुकराचे मांस खायला लावणाऱ्या एका कारखानदारावर खटला झाला होता. २०२० मध्ये करोनाचे निमित्त झाले आणि दालनातली ती बैठक कायमचीच बंद करण्याचे घाटत होते. आरडाओरड झाली म्हणून बेत सोडला.

यात आपलाही संबंध येऊ घातला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय मजूर तिकडे पाठवण्याचा करार झाला. महिनाही लोटला नसेल, तोच तैवानच्या कामगारमंत्री श्यू मिंग-चुन यांनी ईशान्य भारतातून माणसे आणू असे सांगितले, कारण त्यांचा वर्ण आणि खाणेपिणे तैवानी लोकांसारखे, आणि त्यांतले बहुतेक ख्रिस्ती. टीकेची झोड उठली, बाईंनी माफी मागितली. त्यांच्या मनात वाईट नसेलही. एकाच मंदिरात डझनभर देव नांदवणाऱ्या समाजातसुद्धा माणूस कामावर ठेवताना त्याचा देव पाहिला जातो, हे मात्र त्या बोलून बसल्या.

महाराष्ट्रात २५ डिसेंबर ही तारीख महाडची. १९२७ साली याच दिवशी तिथे मनुस्मृतीचे दहन झाले, आणि कुणाला पाणी, कुणाला देऊळ, हे ठरवणाऱ्या ग्रंथाचा कौल बाबासाहेबांनी जाहीरपणे धुडकावला. ती वाट १९५६ मध्ये नागपूरला पोहोचली. काही वर्षांपूर्वी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत एका टेबलावर पुस्तकांची चळत दिसली: ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’, मराठी, जाडजूड, बांधणी पक्की. मूळ इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये आलेला. शेजारी लातूरकडची एक म्हातारी रांगेत उभी होती. तिच्या हातात प्रत आली तशी तिने कमरेची पिशवी सोडली आणि नोटा मोजू लागली. टेबलामागच्या पोराने हात नाचवून नको म्हटले. तिला पटेना, बाळा, फुकट कसं घेऊ, म्हणत ती पुन्हा पैसे पुढे करी. शेवटी पोराने आतले पान उघडून बोट ठेवले. तिथे छापले होते की हे पुस्तक विनामूल्य वाटण्यासाठी आहे, विकण्यासाठी नाही. आणि खाली छापणाऱ्या बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशनचा पत्ता, हांगचौ साउथ रोड, तैपेई.

“हे कुठं आलं?” म्हातारीने विचारले. पोराने डोके खाजवले. “लांब आहे, आजी. समुद्रापल्याड.”

तिने पुस्तक कपाळाला लावले, पदरात गुंडाळले आणि मोजलेल्या नोटा शेजारच्या दानपेटीत टाकून स्तूपाच्या दिशेने निघाली.