‘आता बसा’ म्हणणाऱ्यांना

साठी ओलांडली की माणसाने हातपाय आवरते घ्यावेत, असा उपदेश एका विद्वान गृहस्थांनी नुकताच केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शरीर हे यंत्र आहे, ते झिजतं, तेव्हा उरलेलं जपून वापरावं. म्हातारी माणसं हिंडतात, पडतात, मांडीचं हाड मोडून घेतात आणि घरादाराला कामाला लावतात. वानप्रस्थ सांगितलाय तो निवृत्त होण्यासाठी. आणि सत्तरीत नर्मदेची पायी परिक्रमा करणारे तर निव्वळ बेजबाबदार!

धरमपुरीत राहणाऱ्या माणसाला हे शेवटचं वाक्य गिळवत नाही. आमचं गाव उत्तर काठावर. ओंकारेश्वराहून उचललेली परिक्रमा दक्षिण काठाने समुद्रापर्यंत जाते, परिक्रमावासी नावेने पलीकडे उतरतात आणि उत्तर काठाने पूर्वेकडे वळतात. म्हणजे आमच्या घाटावर पोचलेल्या माणसाने शूलपाणीची झाडी पायांखाली घातलेली असते. त्यांत मराठी माणसं पुष्कळ, पिकल्या केसांची पुष्कळ. एखादी आजी येते. पाठीवर पडशी, हातात काठी, बाटलीत नर्मदेचं पाणी, टाचांना भेगा. पायरीवर लुगडं धुते, पिळते, ‘नर्मदे हर’ म्हणून उठते, आणि उठताना तिचा हात जमिनीला टेकत नाही. त्याच वयाची दुसरी बाई आपल्याच घरात पाण्याचा पेला घ्यायला उठते, तर सून धावत येते: ‘आई, तुम्ही बसा बघू!’ सून मायेनेच म्हणते. पण वर्षानुवर्षं हेच ऐकून त्या बाईचा स्वतःच्या पायांवरचा विश्वास उडतो, मग पायही साथ सोडतात, आणि लोक म्हणतात, वय झालं.

यंत्राचं उदाहरण मला सर्वांत घातक वाटतं, कारण ते शहाणपणाचं दिसतं. यंत्र वापरलं की झिजतं. स्नायू वापरला नाही की झिजतो. हा नियम नव्वदीतही सुटत नाही. 1990 साली बोस्टनच्या एका वृद्धसंस्थेत नव्वदीच्या आसपासच्या 10 दुबळ्या माणसांना मांडीच्या स्नायूंसाठी वजनं उचलायला लावली. हलकीफुलकी नव्हे, चांगली जड. 9 जण शेवटपर्यंत टिकले. 8 आठवड्यांत त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, चाल सुधारली, दोघांनी तर काठी सोडली. पुढचा भाग या गृहस्थांनी दोनदा वाचावा: व्यायाम थांबवल्यावर 4 आठवड्यांत ताकद 32 टक्क्यांनी घसरली. या महिन्याभरात त्यांचं वय किती वाढलं होतं? त्यांना खाली आणलं ते बसण्याने. आणि माणूस बसतो का, तर आपल्या वयाविषयी त्याच्या मनात काय भरवलंय त्यामुळे. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी 2002 मध्ये ओहायोतल्या 660 माणसांची पाहणी मांडली. स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारे लोक इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले होते. धडधाकट माणसं आनंदी असणारच, ही शंका लगेच येईल. म्हणून त्यांनी तब्येत, वय, सांपत्तिक स्थिती हे सगळं हिशेबात धरलं, तरी फरक उरलाच. अशी माणसं पुढे व्यायाम, पथ्य, तपासण्या यांतही जास्त नेटाची असतात, हेही त्यांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं.

पडण्याची भीती खरी आहे. पण दुबळे पायच पाडतात, म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान 3 दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सांगते. वानप्रस्थाचं म्हणाल, तर वनात सोफा नसतो. आणि बेजबाबदारपणाचं म्हणाल, तर जबलपूरच्या अमृतलाल वेगडांनी 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदाकाठची पायपीट सुरू केली आणि सत्तरीतही ते चालत होते. कुणाचं काय बिघडलं?

हा वाद जुनाच आहे. पाट की टेबल, यावर मागे आमच्याकडे अशीच जुंपली होती. जमिनीवर बसणं मागासलेपणाचं, असं ठासून सांगणाऱ्यांचा तेव्हा जय झाला. पाट माळ्यावर गेले. त्याबरोबर दिवसातून दहा वेळा खाली बसून हाताचा आधार न घेता उठण्याची सवयही गेली, तिची आठवण कुणी काढली नाही. पुढे बागेत म्हाताऱ्यांसाठी काय हवं, यावर बैठक झाली, तेव्हा एकमताने बाकं ठरली.

ज्याचा गुडघा खरोखर सुजलाय, ज्याला छातीत दुखतं, त्याने वैद्याला विचारूनच पाऊल टाकावं. बाकीच्यांनी देवासच्या टेकडीकडे पाहावं. तिथे आता रोपवे आहे, तरी तुळजाभवानी आणि चामुंडेच्या दर्शनाला सकाळी पायऱ्या चढणारी वयस्क माणसं दिसतात. दोन पायऱ्या चढून कठड्याला टेकतात, दम घेतात, पुन्हा चढतात. एवढंच करायचं. रोज थोडं चालायचं, भाजीची पिशवी स्वतः उचलायची, एकदा तरी जमिनीवर बसून उठायचं. घरच्यांनी पेला हातातून काढून घेऊ नये. आणि नगरपालिकेने पुढच्या वेळी बाकांसाठी पैसे काढले, तर त्यातले निम्मे ज्या घाटांना कठडे नाहीत त्यांच्या पायऱ्यांवर खर्च करावेत.